पहिली परदेशी बॅकपॅकिंग सफर: आधी काय पक्कं करायचं आणि काय मोकळं सोडायचं

पाठीवर सॅक टाकून स्वतःच्या हिमतीवर परदेश फिरायचा, असं मनाने घेतलं की बहुतेक जण दोन कामांना लागतात: बघायच्या ठिकाणांची यादी आणि सॅकची खरेदी. दोन्ही कामं आनंदाची आहेत, पण ती नंतरची आहेत. या सफरीतले निर्णय एकमेकांत गुंतलेले असतात. व्हिसा किती दिवसांचा आणि किती वेळा आत सोडणारा आहे यावर मार्ग ठरतो. कुठे कधी पाऊस असतो यावर त्या मार्गाची दिशा ठरते. दिशा ठरली की तिकीट ठरतं, आणि किती ठिकाणं झेपतील, किती पैसे लागतील, पाठीवर किती ओझं घ्यायचं, हे सगळं त्यामागून येतं. यादीपासून सुरुवात केली की मग व्हिसा, पाऊस आणि तिकीट त्या यादीत कोंबत बसावं लागतं.

माझं मत असं आहे की जे नंतर बदलता येत नाही ते खूप आधी आणि काटेकोरपणे पक्कं करावं, आणि जे बदलता येतं ते मुद्दाम मोकळं ठेवावं. पहिल्यांदा निघणारी माणसं हमखास याच्या उलट करतात. प्रत्येक रात्रीचं हॉस्टेल तीन महिने आधी आरक्षित करतात आणि पासपोर्टची मुदत मात्र निघायच्या आठवड्यात बघतात.

पासपोर्ट आणि व्हिसा

पासपोर्टवर छापलेली शेवटची तारीख ही प्रवासासाठी खरी शेवटची तारीख नसते. इंडोनेशियासारखे अनेक देश तुम्ही पोहोचाल त्या दिवसापासून पुढे किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. युरोपातल्या शेंगेन देशांचा नियम वेगळा आहे: पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि तिथून बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो चालू हवा. काही देश कोरी पानंही मोजतात. पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल तर बाकी कशालाही हात लावण्याआधी तो नवा करून घ्या, कारण व्हिसा आणि तिकीट दोन्ही त्याच क्रमांकावर आणि त्याच स्पेलिंगवर काढायचे असतात.

व्हिसाचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत: व्हिसा लागतच नाही, विमानतळावर उतरल्यावर मिळतो, घरबसल्या ऑनलाइन मिळतो, किंवा वकिलातीत अर्ज करून मिळवावा लागतो. तुमच्या वाट्याला कोणता येईल हे तुमच्या पासपोर्टवर अवलंबून असतं. त्यामुळे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असलेल्या प्रवाशाचा अनुभव, तो कितीही प्रामाणिक असला तरी, इथे उपयोगाचा नाही. माहिती थेट त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरून घ्या. सरकारी वाटावीत अशी दिसणारी आणि भरमसाट शुल्क घेणारी खासगी संकेतस्थळं पुष्कळ आहेत, म्हणून पत्ता नीट वाचा.

व्हिसा हातात आला की त्यावरच्या तीन गोष्टी समजून घ्यायच्या. पहिली, वैधता आणि मुक्काम. वैधता म्हणजे कोणत्या तारखांच्या दरम्यान तो वापरता येईल. मुक्काम म्हणजे आत गेल्यावर किती दिवस राहता येईल. वैधता तीन महिन्यांची आणि मुक्काम तीस दिवसांचाच, असं सर्रास असतं. दुसरी, किती वेळा आत येता येईल. व्हिएतनाममधून शेजारच्या लाओसला चार दिवस जाऊन परत यायचं असेल आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर बाहेर पडताच तो संपला. परत येण्यासाठी नवा लागेल. तिसरी, कोणत्या दारातून. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, पण तो ठरवून दिलेल्या विमानतळांवर आणि सीमानाक्यांवरच चालतो. डोंगरातल्या एखाद्या लहान नाक्यावरून बसने आत शिरायचा बेत असेल तर तो नाका यादीत आहे का, हे आधी बघावं लागतं.

शेंगेनच्या ९०/१८० नियमाबद्दल थोडं सविस्तर, कारण तो भल्याभल्यांना गोंधळात टाकतो. शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर नेहमीची पासपोर्ट तपासणी न ठेवणारे युरोपातले २९ देश. अल्प मुदतीच्या पाहुण्याला या सगळ्या देशांत मिळून, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. हे १८० दिवस कॅलेंडरच्या सहामाहीसारखे ठरलेले नसतात. आज ज्या तारखेला तुम्ही तिथे आहात, तिथून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात किती दिवस आत होता ते बघायचं. उद्या हीच खिडकी एक दिवस पुढे सरकते. समजा तुम्ही १ मार्चला आत गेलात आणि २९ मेला बाहेर पडलात. येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरून ९० दिवस पूर्ण झाले. आता २७ ऑगस्टपर्यंत मागे मोजलं तरी १ मार्च त्या खिडकीत येतोच, म्हणून परत शिरता येणार नाही. २८ ऑगस्टला १ मार्च खिडकीबाहेर पडतो आणि तुम्हाला एक दिवस मोकळा होतो. पुढे रोज एकेक जुना दिवस गळत जातो. मधल्या काळात सर्बिया, अल्बेनिया, ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये काढलेले दिवस या हिशेबात धरत नाहीत, कारण ते देश शेंगेनमध्ये नाहीत. अर्थात तिथे जाण्याचे नियम वेगळे पाळावे लागतातच. आणि तुम्हाला व्हिसा लागत असेल तर त्यावर लिहिलेले दिवस ९० पेक्षा कमीही असू शकतात. तेव्हा तो आकडा शेवटचा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथे सर्वात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर जिथे प्रथम उतरणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या गर्दीत भेटीच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा शेवटच्या पंधरवड्याची वाट बघू नका. या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमाही सक्तीचा आहे.

पहिली सीमा चेक-इन काउंटरवर असते

नवख्या बॅकपॅकरला बसणारा सर्वात अनपेक्षित धक्का परदेशात नाही, निघायच्या विमानतळावर बसतो. काउंटरवरची व्यक्ती विचारते, ‘त्या देशातून बाहेर पडायचं तिकीट दाखवा.’ तुम्ही सांगता की पुढे बसने जाणार आहे, तारीख अजून ठरलेली नाही. ती सांगते की मग बोर्डिंग पास देता येत नाही.

हे आडमुठेपणाने केलेलं नसतं. अपुऱ्या कागदपत्रांच्या प्रवाशाला एखाद्या विमान कंपनीने आणून सोडलं आणि त्याला प्रवेश नाकारला गेला, तर त्याला परत नेण्याची जबाबदारी त्या कंपनीवर येते. अनेक देश त्यावर दंडही लावतात. म्हणून कंपन्या उड्डाणाआधीच तपासणी करतात. त्यासाठी बहुतेक कंपन्या टायमॅटिक नावाची माहितीप्रणाली वापरतात. ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना ती चालवते. तुमचं नागरिकत्व आणि जायचा देश घातला की कोणती कागदपत्रं लागतात ते तिथे दिसतं. काउंटरवरच्या माणसाचा निर्णय त्या पडद्यावर ठरतो, तुमच्या गोड बोलण्यावर नाही. बऱ्याच विमान कंपन्या हीच माहिती आपल्या संकेतस्थळावर प्रवाशांनाही दाखवतात. तिकीट काढण्याआधी ती वाचा.

मोकळा बेत ठेवूनही यातून वाट निघते. रद्द केल्यावर पैसे परत मिळतील असं तिकीट काढता येतं, किंवा शेजारच्या देशात जाणारं स्वस्त विमानाचं तिकीट काढून ते गेलं तर गेलं असं धरता येतं. बसचं तिकीट कधी चालतं, कधी नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. तिकीट खरं हवं. बनावट आरक्षणाचा कागद दाखवणं म्हणजे अधिकाऱ्यासमोर खोटं बोलणं आहे, आणि त्याची नोंद पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या वेळी आडवी येऊ शकते.

याच दारात आणखी एक फट आहे: मधे विमान बदलणं. एकाच तिकिटावर दोन उड्डाणं असतील तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तरी पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. दोन वेगळी तिकिटं स्वस्त म्हणून जोडली असतील तर ती जबाबदारी तुमची. शिवाय अशा वेळी बहुधा सामान पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यावं लागतं, म्हणजेच त्या देशात प्रवेश करावा लागतो, म्हणजेच व्हिसा लागू शकतो. अमेरिकेत तर एकाच तिकिटावर नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन पार करावं लागतं. तुमच्या पासपोर्टप्रमाणे व्हिसा किंवा ऑनलाइन पूर्वपरवानगी हवीच. पहिल्या सफरीत थोडे पैसे जास्त गेले तरी एकच तिकीट घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

ऋतू आणि मार्ग

‘थायलंडला कधी जावं’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. फुकेत आणि क्राबीच्या पश्चिम किनाऱ्यावर साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. पूर्वेच्या कोह सामुई बेटावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. म्हणजे एक किनारा भिजत असताना दुसरा अनेकदा कोरडा असतो. उत्तरेला चियांग माईत फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास शेतं आणि रानं जाळल्याच्या धुराने हवा खराब होते. व्हिएतनामच्या मध्यभागात, होई आनच्या आसपास, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर येतात. पेरूमधला इन्का ट्रेल, म्हणजे माचू पिचूला जाणारी डोंगरातली पायवाट, दर फेब्रुवारीत बंद असतो आणि बाकी महिन्यांतही परवान्याशिवाय चालता येत नाही. तेव्हा देशाचं नाही, त्या त्या भागाचं हवामान महिन्यानुसार बघा आणि मग कुठून सुरुवात करायची ते ठरवा.

मार्ग आखताना सर्वांचा मोह एकच असतो: एवढं लांब जातोय तर सगळंच बघून येऊ. कृपा करून हे करू नका. एका गावातून दुसऱ्या गावी जाण्याचा दिवस नकाशावर चार तासांचा दिसतो. प्रत्यक्षात सॅक भरणं, स्थानकावर पोहोचणं, वाट बघणं, उतरणं, नवी जागा शोधणं आणि खोलीत जाणं, यात दिवसाचा मोठा भाग जातो. तीन आठवड्यांत दहा ठिकाणं ठेवली तर जवळपास निम्मे दिवस हलण्यातच संपतात. तीन आठवड्यांना एक देश, फार तर लगतचे दोन, आणि पाच-सहा मुक्काम पुरेत. त्यातही एक-दोन रात्री कशालाच बांधलेल्या नसाव्यात. एखादं गाव मनात भरतं, कुणीतरी भेटतं, कधी पोट बिघडतं. त्यासाठी त्या रात्री लागतात.

शक्य असेल तर एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतीचं तिकीट घ्या. बँकॉकला उतरून जमिनीवरून पूर्वेकडे सरकत हनोईहून परतलं की केवळ विमान पकडण्यासाठी उलटा प्रवास करावा लागत नाही. अशी तिकिटं शोधताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय वापरा. दोन एकेरी तिकिटांपेक्षा ती पुष्कळदा स्वस्त पडतात.

उंचीवर जाणार असाल तर मार्गात विश्रांतीचे दिवस धरावेच लागतात. पेरूतलं कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटरवर आहे आणि समुद्रसपाटीवरून विमानाने थेट तिथे उतरलं की शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा वैद्यकीय सल्ला आहे. डोकेदुखी आणि मळमळ वाढत असताना आणखी वर चढणं जिवावर बेतू शकतं. फिटनेस चांगला असला म्हणून यातून सुटका होत नाही.

पैसे

खर्चाचे तीन भाग करा: आधीच भरायचा (तिकीट, व्हिसा, विमा, लस), रोजचा, आणि न मोडण्याचा. शेवटचा भाग म्हणजे कुठूनही तातडीने घरी परतायला पुरेल इतकी रक्कम, आणि तिला हात लावायचा नाही. रोजच्या खर्चाचा अंदाज घेताना सरासरीवर जाऊ नका. मुक्काम, तीन वेळचं खाणं, स्थानिक प्रवास आणि एखादं तिकीट असं त्या शहरापुरतं मोजा.

दोन वेगळ्या बँकांची, जमल्यास दोन वेगळ्या नेटवर्कची (म्हणजे मास्टरकार्डसारख्या वेगळ्या कार्ड कंपन्यांची) कार्डं घ्या आणि ती कधीही एका पाकिटात ठेवू नका. एटीएमवर किंवा दुकानात पैसे देताना पडद्यावर विचारलं जातं: स्थानिक चलनात घ्यायचे की तुमच्या चलनात? नेहमी स्थानिक चलन निवडा. स्वतःचं चलन निवडलं तर विनिमयाचा दर तुमची बँक नाही, समोरचं यंत्र चालवणारी कंपनी ठरवते, आणि तो दर जवळजवळ नेहमीच तुमच्या तोट्याचा असतो. पडद्यावर आपल्या ओळखीचा आकडा दिसतो म्हणून माणसं तिथे पटकन फसतात.

बँकेचा ओटीपी घरच्या नंबरवर येतो, हे निघण्याआधी लक्षात घ्या. परदेशातलं इंटरनेट ई-सिमवर (फोनमध्ये डिजिटल पद्धतीने घालायच्या सिमवर) चालवलं तरी जुनं सिम फोनमध्ये ठेवून त्यावर संदेश येतील एवढं रोमिंग चालू ठेवा.

विमा आणि तब्येत

विम्याची जाहिरात हरवलेल्या सामानाची असते. तुम्ही बघायचं ते रुग्णालयाचा खर्च आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च. पॉलिसीत काय मिळतं यापेक्षा काय मिळत नाही ते पान आधी वाचा. ट्रेकिंगला उंचीची मर्यादा असते. आणि भाड्याच्या स्कूटरवर अपघात झाला, पण त्या देशात मान्य असा परवाना नसेल, तर दावा फेटाळला जाण्याची दाट शक्यता असते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना प्रामुख्याने रस्ते वाहतुकीच्या १९४९ आणि १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारांवर आधारलेला असतो आणि सगळेच देश दोन्ही मानत नाहीत. व्हिएतनाम १९६८ चा मानतो. त्यातही मूळ परवान्यावर दुचाकी चालवण्याची मुभा हवी. भाड्याने देणारा काही विचारत नाही, म्हणजे सगळं कायदेशीर आहे असं नव्हे.

आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांसाठी पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. तो ताप असलेल्या देशातून तुम्ही येत असाल तर इतर अनेक देशही ते मागतात. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव असू द्या. एका देशात सहज मिळणारी गोळी दुसऱ्या देशात नियंत्रित असू शकते. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण जास्त असलेली सर्दीची औषधं चालत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन आणि ट्रामाडोल या वेदनाशामकांसाठी पूर्वपरवानगी लागते.

सॅक

आता सॅक. ४० लिटरच्या आसपासची पुरते, आणि त्यापेक्षा मोठी घेतली की ती भरतेच. कमरेचा पट्टा रुंद आणि घट्ट बसणारा हवा, कारण वजन खांद्यांनी नव्हे, कमरेने उचलायचं असतं. दुकानात आत वजन टाकून दहा मिनिटं चालून बघा. कपडे एका आठवड्याचे घ्या आणि धुवा. तीन आठवड्यांचे कपडे तीन आठवडे वाहत नेण्याचं कारण नाही. पावसाचं जाकीट, चालून मऊ झालेले बूट, कुलूप, कानातले बोळे आणि डोक्याला लावायचा टॉर्च हवाच. सॅक विमानात सोबत नेणार असाल तर बहुतेक ठिकाणी द्रवपदार्थ १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्यांतच लागतात, आणि अनेक स्वस्त कंपन्या वजन सात किलोवर अडवतात.

पॉवर बँक नेहमी सोबतच्या सामानात ठेवायची, खाली द्यायच्या सामानात नाही. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तास आहे. मिलिअँपिअर-तासांना हजाराने भागून ३.७ ने गुणलं की हा आकडा मिळतो. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची, म्हणजे चालणारी.

राहणं, आणि निघण्याआधीचा आठवडा

जगातलं पहिलं कायमस्वरूपी युवा हॉस्टेल जर्मनीत आल्टेनाच्या किल्ल्यात १९१२ मध्ये सुरू झालं. रिखार्ड शिरमान हे शाळामास्तर मुलांना पायी सहलींना नेत, आणि वाटेत रात्री टेकायला स्वस्त जागा असावी ही त्यांची कळकळ होती. एका खोलीत अनेक पलंग ही मांडणी तिथून आजवर टिकली आहे. एकट्याने निघणाऱ्यासाठी तिचा मोठा फायदा म्हणजे माणसं. पुढच्या रस्त्याची ताजी खबर तिथल्या स्वयंपाकघरात जितकी मिळते तितकी कुठल्याच ॲपवर मिळत नाही. फक्त अलीकडच्या महिन्यांतले अभिप्राय वाचा, सामानाला कुलपाची कपाटं आहेत का बघा, आणि हवी असेल तर केवळ महिलांसाठीची खोली निवडा.

आरक्षण पहिल्या दोन-तीन रात्रींचंच करा. तो पत्ता काही देशांच्या प्रवेश अर्जात लिहावाही लागतो. रात्री उशिरा पोहोचत असाल तर विमानतळावरून तिथे कसं जायचं ते आधी लिहून ठेवा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. पुढच्या जागा एक-दोन दिवस आधी बघता येतात. मोठा सण किंवा ऐन हंगाम असेल तेवढाच अपवाद करा.

पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि तिकिटांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवा: कागदावर सॅकमध्ये, फोनमध्ये, आणि घरच्या एका माणसाकडे. त्याच माणसाला विमा कंपनीचा आपत्कालीन नंबर आणि तुमचा ढोबळ मार्ग द्या. रोज फोन करण्याचं वचन देऊ नका, कारण डोंगरात किंवा बेटावर रेंज नसेल आणि घरी उगाच जीव टांगणीला लागेल. त्यापेक्षा असं ठरवा: प्रत्येक सीमा ओलांडल्यावर आणि प्रत्येक नव्या गावी पोहोचल्यावर एक निरोप, आणि अमुक इतके दिवस काहीच कळलं नाही तर कुणाला फोन करायचा, तेही नाव आणि नंबरासह लिहून.